दुपारची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग: धंद्याचं घड्याळ कसं लावायचं?



सोलरवरच्या व्हिडिओनंतर बहुतेकांचा प्रश्न एकच आहे, "दुकानावर सोलर लावू का?" व्हिडिओत मी पॅनेलचं गणित सांगितलं. पण त्याच्या मागे ग्रिडचं एक गणित आहे आणि ते कळल्याशिवाय बँकेत कर्जाच्या कागदावर सही करू नका. काही जणांना पॅनेलवर लाख-दीड लाख घालायची गरजच नसेल, नुसतं मशीन चालवायची वेळ बदलून भागेल. काहींना पॅनेल लावूनही अपेक्षा केली तेवढं बिल उतरणार नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आपण कारध्याचे लोक दोन मोठ्या औष्णिक केंद्रांच्या मधे राहतो. महामार्गाने नागपूरकडे निघालं की एनटीपीसीचं मौदा, २,३२० मेगावॅट. दुसरीकडे गोंदिया जिल्ह्यात तिरोडा, ३,३०० मेगावॅट. इतक्या जवळ वीज तयार होते तरी आपल्याकडे लाईट का जाते, हा प्रश्न चहाच्या टपरीवर नेहमी ऐकू येतो. त्याचं उत्तर असं की मौद्याची वीज थेट आपल्या डीपीवर येत नाही. ती आधी देशाच्या एकाच मोठ्या जाळ्यात जाते आणि तिथून वाटली जाते. तारांच्या या जाळ्याला पाण्याच्या टाकीसारखी साठवण नसते. ज्या क्षणी तुम्ही चक्कीचं बटण दाबता, त्याच क्षणी कुठल्या तरी केंद्रात तेवढी वीज जास्त तयार व्हावी लागते. ताळमेळ बिघडला की ५० हर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी खाली-वर होते.

हा ताळमेळ राखायला दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात. कोणत्या तुकड्यात कोणतं केंद्र किती वीज देईल ते आदल्या दिवशीच ठरतं. आपल्या राज्याचं हे काम नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातून चालतं. चुकलं तर काय होतं, ते जुलै २०१२ च्या ३० आणि ३१ तारखेला उत्तर आणि पूर्व भारताने पाहिलं. कोट्यवधी लोक अंधारात गेले होते. आणि जमलं तर काय होतं? ५ एप्रिल २०२० आठवा. रात्री ९ वाजता ९ मिनिटं आपण सगळ्यांनी दिवे बंद केले. देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरली आणि लगेच परत चढली. जलविद्युत केंद्रं झटपट कमी-जास्त करून ग्रिड सावरली गेली. तो सगळा प्रकार आधी माहीत होता, म्हणून तयारी करता आली.

आता यात सूर्य आणा. सकाळी ९ पासून सोलरची वीज वाढत जाते, दुपारी कळस गाठते आणि संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला शून्य होते. नेमकी त्याच वेळी घरोघरी टीव्ही, पंखे, कूलर सुरू होतात. कोळशाचा संच ऑटोरिक्षासारखा चालू-बंद करता येत नाही, दुपारी फार खाली आणता येत नाही आणि संध्याकाळी एकदम वर नेता येत नाही. म्हणजे दुपारी वीज जास्त, संध्याकाळी ओढाताण. धान निघाल्यावर बाजारात आवक वाढली की भाव पडतो, तसंच आहे हे.

यावर उपाय दोन. एक, वीज साठवा. आपल्या राज्यात घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. तिथे वीज जास्त असली की खालचं पाणी वर चढवतात आणि लागेल तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज बनवतात. मोठ्या बॅटऱ्याही येत आहेत. पण साठवण महाग पडते. म्हणून दुसरा उपाय, ग्राहकालाच सांगा की बाबा, तू दुपारी वापर, तुला स्वस्त देतो. आपला संबंध इथे येतो.

घड्याळाप्रमाणे दर

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला. १० किलोवॅटपेक्षा जास्त मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, आणि शेती सोडून बाकी सगळ्यांना १ एप्रिल २०२५ पासून वेळेप्रमाणे दर लावायचे, असं त्यात आहे. अट एवढीच की तसं मोजणारं मीटर बसलेलं हवं. उन्हाच्या ८ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, आणि जास्त मागणीच्या तासांत व्यापारी-औद्योगिक ग्राहकाला किमान १.२ पट. राज्य वीज नियामक आयोगाच्या जून २०२५ च्या आदेशात घरगुती ग्राहकांनाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांची सवलत आली. दर दरवर्षी बदलतात, कोर्टकचेऱ्याही होतात, म्हणून आकडा तुमच्या ताज्या बिलावरूनच घ्या. पण दिशा पक्की आहे. दुपार स्वस्त, संध्याकाळ महाग.

एक उदाहरण करून बघू. समजा तुमची आटाचक्की आहे, १० एचपीची मोटर. म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट. दिवसाला ३ तास, महिन्याला २५ दिवस, झाले अंदाजे ५६० युनिट. सोयीसाठी दर ८ रुपये धरा. हा खरा दर नाही, फक्त गणितासाठी. सगळं दळण संध्याकाळी झालं तर ९ रुपये ६० पैशांनी ५,३७६ रुपये. तेच दळण दुपारी झालं तर ६ रुपये ४० पैशांनी ३,५८४ रुपये. महिन्याला १,७९२ रुपयांचा फरक, वर्षाला २१,५०४. एक पॅनेल न लावता! (स्थिर आकार आणि बाकीचे आकार वेगळे, ते दोन्हीकडे लागतातच.)

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक तर शेतातून आल्यावर संध्याकाळीच डबा घेऊन येते. बरोबर. म्हणून बदल चक्कीत नाही, सवयीत करायचा आहे. संध्याकाळी दळण घ्या, डब्यावर नाव-वजन लिहा, दुसऱ्या दिवशी १० वाजता दळा, ५ ला तयार ठेवा. घरपोच दिलं तर गिऱ्हाईक चार पैसे जास्तही देईल. ज्याला आत्ताच पीठ पाहिजे त्याला आत्ता दळून द्या, पण तो अपवाद राहू द्या. आणि दळणाचं कनेक्शन दुकानाच्या व्यापारी मीटरवर चालू असेल तर आधी ते तपासा. पिठाची गिरणी, भातगिरणी, मसाला गिरणी महावितरणच्या दरपत्रकात औद्योगिक गटात येतात.

थंड पाण्याच्या कॅनचा धंदा तर यासाठीच बनला आहे. चिलर ११ ते ४ चालवा, इन्सुलेशन असलेल्या टाकीत पाणी गार करून ठेवा, कॅन दुसऱ्या दिवशी सकाळी भरून पाठवा. गार पाणी म्हणजे साठवलेली वीजच. घाटघरला जे पाणी वर चढवून होतं, ते तुमच्या टाकीत पाणी गार करून होतं. ई-रिक्षा चार्ज करून देणारे, इस्त्री, मसाला कांडप, वेल्डिंग, सगळ्यांनी आपापलं मशीन असं तपासून पहा. ज्याचं काम थांबू शकतं ते दुपारी ढकला. ज्याचं थांबू शकत नाही, जसं किराण्यातला डीप फ्रीजर किंवा नाश्त्याचं दुकान, त्याला या सवलतीतून फार काही मिळणार नाही. उगाच आशा धरू नका.

स्मार्ट मीटरवरून आपल्या भागात भरपूर राग आहे, मला माहीत आहे. आधी पैसे भरा मग वीज वापरा, ही कल्पना लोकांना पटली नाही, आणि जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. माझं मत सांगतो. ज्याला वेळेची सवलत हवी, त्याला वेळ मोजणारं मीटर लागणारच. साध्या मीटरला दुपार आणि संध्याकाळ यातला फरक कळत नाही. बिल अचानक वाढलं असं वाटलं तर भांडण्याआधी मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत जाते.

आता पॅनेलचं

प्रधानमंत्री सूर्यघर योजना १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. ३ किलोवॅटसाठी सरकारने धरलेला खर्च १,४५,००० रुपये आणि अनुदान ७८,०००. पण हे घरगुती कनेक्शनला आहे. दुकानाच्या मीटरला अनुदान नाही. पुढे दुकान, मागे घर असे आपल्याकडे खूप आहेत. त्यात दोन मीटर असतील तर अनुदान फक्त घराच्या मीटरवरच्या सोलरला. "दुकानालाही बसवून देतो, वापरा बिनधास्त" असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून ते लिहून मागा, बघा किती वेळ थांबतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, कोटेशन त्या हिशोबाने आहे का तेही पाहा.

कर सल्लागार सांगेल की सोलरवर ४० टक्के घसारा मिळतो. खरं आहे. पण तुम्ही उलाढालीच्या ठराविक टक्क्यावर अंदाजित नफा दाखवून रिटर्न भरत असाल, आणि छोटे दुकानदार बहुतेक तसंच भरतात, तर घसारा वेगळा वजा करता येत नाही. विक्रेत्याच्या कागदावर "कर बचत" लिहिलेली रक्कम त्या वेळी खोडून टाका.

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळं छप्पर लागतं आणि सरासरी दिवसाला ४ युनिट मिळतात. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी. नेट मीटरिंगमध्ये दुपारी जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि बिलात वळती होते. वर्षाअखेर उरलेल्या युनिटला मात्र तुम्ही भरता त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठं लावू नका. तुम्हाला वेळेप्रमाणे दर लागू असेल तर एक प्रश्न महावितरणच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारा: दुपारचे जास्तीचे युनिट संध्याकाळच्या वापराला वळते होतात का? विक्रेत्याचं सगळं गणित या एका उत्तरावर उलटू शकतं.

अजून एक, जे विकताना कोणी सांगत नाही. लाईट गेली की साधा सोलरही बंद पडतो, भर उन्हात. हा बिघाड नाही. बंद लाईनवर वायरमन खांबावर काम करत असतो. तुमच्या छपरावरून त्या तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. लाईट गेल्यावरही दुकान चालायला पाहिजे असेल तर बॅटरीसह हायब्रिड सिस्टीम घ्यावी लागेल, आणि तिची किंमत बरीच जास्त आहे. एकाच डीपीवर खूप सोलर झाले तर दुपारी व्होल्टेज वाढून इन्व्हर्टर मधेमधे बंद पडतो. शेजारी किती जणांनी लावलं आहे, ते आधी बघून घ्या.

नदीकाठच्या लोकांना खास सूचना. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेचं पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं, ती खूण आठवा. इन्व्हर्टर आणि बॅटरी त्याच्या वर लावा.

यात धंदा कुठे आहे?

सूर्यघरमध्ये विक्रेत्याला ५ वर्षं देखभाल द्यावी लागते. नोंदणी, बँक गॅरंटी, कुशल माणसं, हे सगळं उभं करणं नवख्याला जड जातं. पण नागपूरच्या विक्रेत्याला लाखनी-साकोलीच्या एका तक्रारीसाठी माणूस पाठवणं परवडत नाही. त्याला इथला माणूस हवा आहे. आयटीआय केलेले दोन मुलगे, एक दुचाकी, मीटर-क्लॅम्प आणि तीन-चार विक्रेत्यांशी लेखी करार, एवढ्यात सुरुवात होते. सोबत पॅनेल धुण्याचं वर्गणीचं काम घ्या. आपल्याकडे भातगिरण्यांचा कोंडा आणि धूळ काचेवर बसते, उत्पादन घटतं. फक्त धुवायचं सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नका.

दुसरं क्षेत्र शेतीचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्राच्या ५ ते १० किलोमीटरच्या आत छोटे सौर प्रकल्प उभे करून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीममधून पंतप्रधानांनी यातल्या पहिल्या पाच प्रकल्पांचं, एकूण १९ मेगावॅटचं, लोकार्पण केलं. उन्हाळी धानाला पाणी द्यायला रात्री बांधावर जाणारा शेतकरी आणि कोका-नागझिऱ्याच्या बाजूचं जंगल, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. दिवसाच्या विजेची किंमत पैशात होत नाही. धंद्याच्या बाजूने पाहिलं तर जागेला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, आणि प्रकल्प उभा राहिल्यावर गवत कापणं, पॅनेल धुणं, कुंपण, राखण ही कामं स्थानिकच करतात. ग्रामपंचायतीत विचारून ठेवा की तुमच्या उपकेंद्राला प्रकल्प मंजूर आहे का, कंत्राटदार कोण आहे.

पुढच्या व्हिडिओत आपण एक खरं वीज बिल ओळीओळीने वाचणार आहोत. तोपर्यंत मागच्या १२ महिन्यांची बिलं काढून ठेवा, आणि एक आठवडा वहीत लिहा, कोणतं मशीन किती वाजता सुरू केलं आणि किती वाजता बंद केलं. कोटेशन मागवायचं ते त्या वहीनंतर.