शेत ओलं, तरी पीक का सुकतं?

जायकवाडीचा डावा कालवा जालन्यावरून परभणी जिल्ह्यात येतो. पाण्यामुळे काळ्या, भारी जमिनीत ऊस उभा राहतो. पण निचरा नीट नसेल, तर काही वर्षांनी त्याच जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. माती हाताला ओली लागते, पीक मात्र दुपारी माना टाकतं.

कारण मातीतल्या पाण्यात विरघळलेले क्षार ते पाणी धरून ठेवतात. मुळांना ते ओढून घ्यायला जास्त जोर लागतो. ही पकड किती आहे, ते पाण्याच्या वाफेवरून मोजता येतं.

25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याच्या वाफेचा दाब पाऱ्याचे सुमारे 23.8 मिलिमीटर असतो. एक किलो पाण्यात 58 ग्रॅम मीठ विरघळवलं, तर तो साधारण 3.3 टक्के घटतो. त्याच पाण्यात मिठाऐवजी 342 ग्रॅम साखर घातली, तर घट 2 टक्क्यांच्याही आत! वजन जवळपास सहापट असूनही परिणाम कमी, कारण इथे वजन नाही, कणांची संख्या मोजली जाते. मिठाचा पाण्यात सोडियम आणि क्लोराइड असा दोन भागांत फुटवा होतो. साखरेचा रेणू अखंड राहतो.

बाष्पदाब ऑस्मोमीटर हेच मोजतो. बंद कप्प्यात कागदी चकतीवर द्रावणाचा छोटा थेंब ठेवतात आणि आतल्या हवेचा दवबिंदू किती खाली आला ते पाहतात. रक्ताच्या तपासणीतही हे यंत्र वापरतात. मातीसाठी याच तत्त्वावरचे सायक्रोमीटर आहेत.

खरी अडचण फरक इवलासा असण्याची. बहुतेक पिकं कायमची सुकतात, तेव्हाही मातीतल्या हवेची आर्द्रता सुमारे 98.9 टक्के असते! आणि तापमान एका अंशाने वाढलं, तर वाफेचा दाब 6 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागाची चूकही महागात पडते. म्हणूनच माती परीक्षणात सहसा सोपी विद्युतवाहकता मोजतात; मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली, की जमीन क्षारयुक्त समजतात.

मात्र कण कुठले आहेत, हे वाफ सांगत नाही आणि वाहकताही नाही. सोडियम मातीला चिकटून ती चोपण झाली असेल, तर जिप्सम लागतं. फक्त क्षारयुक्त असेल, तर चर काढून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढावे लागतात. तिथे जिप्सम टाकणं म्हणजे आणखी एक क्षार विकत आणून घालणं. त्यामुळे जिप्समची गोणी आणण्याआधी अहवालात सामू आणि विनिमययोग्य सोडियमचा आकडा पाहावा लागतो.