भ्रूणपरीक्षा करावी की करू नये?

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक कन्या जन्मास आली. स्त्रीबीज व पुरुषबीज यांचा संयोग शरीराबाहेर घडवून, तो भ्रूण मातेच्या गर्भाशयात ठेवून झालेला आणि शास्त्रीय नोंदींनी सिद्ध असा हा भारतातील पहिला जन्म होय. डॉ. इंदिरा हिंदुजा व परळच्याच प्रजननसंशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या परिश्रमांचे हे फळ. त्या काळी प्रश्न एवढाच होता की, मूल होईल किंवा नाही? आज तीच चिकित्सा घेणाऱ्या दांपत्यापुढे दुसराही प्रश्न येतो: भ्रूण गर्भाशयात ठेवण्यापूर्वी त्याची जनुकीय तपासणी करून घ्यावी काय? एकत्र कुटुंबात अशा प्रश्नावर मत देणाऱ्यांची वानवा कधीच नसते. म्हणून मताच्या आधी वस्तुस्थिती पाहणे बरे.

पाच-सहा दिवसांचा भ्रूण सुमारे शंभर वा अधिक पेशींचा असतो. त्याच्या बाहेरच्या थरातून, ज्याची पुढे वार बनते त्या भागातून, पाच-दहा पेशी काढून तपासतात. अहवाल येईपर्यंत भ्रूण बहुधा गोठवून ठेवतात. आमचे आयुष्य शाळेत गेल्यामुळे परीक्षा या शब्दाशी आमचा परिचय जुना आहे. ज्या विषयाची परीक्षा घेतली, त्याच विषयातील गती तीत कळते. विद्यार्थी सर्वांगी कसा आहे हे कळत नाही. भ्रूणाच्या परीक्षेसही हेच तत्त्व लागू आहे. आपण नेमके काय शोधत आहोत, हे घराने प्रथम ठरविले पाहिजे.

शोध जर कुळात ठाऊक असलेल्या रोगाचा असेल, तर परीक्षेचा उपयोग निश्चित आहे. थॅलेसेमियाचेच उदाहरण घ्या. पती व पत्नी दोघेही या रोगाचे वाहक असले तरी स्वतः धडधाकट असतात. मात्र त्यांच्या प्रत्येक अपत्यास तो रोग होण्याचा संभव शेकडा २५, केवळ वाहक होण्याचा ५० आणि पूर्णतः मुक्त राहण्याचा २५ असतो. तीव्र स्वरूपाच्या रोगात मुलास दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. एरवी अशा दांपत्याने गर्भ राहिल्यावर त्याची तपासणी करावी आणि रोग आढळल्यास गर्भपाताचा दारुण निर्णय घ्यावा, असा प्रसंग येतो. भ्रूणपरीक्षेने तो बहुतांशी टळतो. १९९० साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात या परीक्षेचा आरंभ झाला, तोही आनुवंशिक रोग टाळण्यासाठीच. तथापि तिचे मोल आहे. मूल सहज होऊ शकणाऱ्या स्त्रीसही सुया, भूल आणि खर्च सोसावा लागतो. गर्भ राहीलच अशी हमी नसते. आणि राहिल्यावर खात्रीसाठी पुन्हा तपासणी करण्याचा सल्ला मिळतो.

परंतु कुळात कोणताही ज्ञात रोग नसता, ‘सर्वांत उत्तम भ्रूण निवडू’ एवढ्याच हेतूने गुणसूत्रांची मोजदाद करविणे ही निराळी गोष्ट आहे. स्त्रीचे वय पस्तिशीपलीकडे गेले म्हणजे गुणसूत्रांतील दोष वाढतात, हे खरे. वारंवार गर्भपात झाले असल्यास वैद्य ही तपासणी सुचवितात, तेही समजण्याजोगे आहे. पण परीक्षेने भ्रूण सुधारत नाही, केवळ निवडला जातो. चीनमध्ये २० ते ३७ वर्षांच्या १,२१२ स्त्रियांवर झालेला एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांचे निदान तीन तरी भ्रूण चांगले होते. परीक्षा केलेल्या गटात शेकडा ७७.२ स्त्रियांस अपत्य झाले, न केलेल्या गटात ८१.८ स्त्रियांस. शिवाय बाहेरच्या पेशींत दोष दिसूनही आतील पेशी निर्दोष असू शकतात. म्हणजे चांगला भ्रूणही बाद होण्याचे भय आहेच.

उरला पुत्राचा मोह. तेथे कायद्याने दार बंद केले आहे, आणि ते योग्यच आहे. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. आणि २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. दोन कन्या असलेल्या एका दांपत्याने या बंदीस आव्हान दिले असता मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली त्यांचा अर्ज फेटाळला. २०२१ च्या कायद्यानेही भ्रूणपरीक्षा मुख्यतः ज्ञात आनुवंशिक रोगांपुरतीच ठेवली आहे.

मग घरातील वडीलधाऱ्यांनी करावे तरी काय? आमच्या मते त्यांचे कर्तव्य एकच, पण अवघड आहे: कुळाचा खरा वृत्तांत सांगावा. कोणते मूल अल्पवयात गेले, कोणास काय व्याधी होती, या गोष्टी मुलीचे लग्न मोडेल या भीतीने कित्येक घरांत झाकून ठेवतात. वैद्यास जे सांगितलेच नाही, ते तो भ्रूणात शोधणार कसे? आपल्या धर्मशास्त्राने सपिंडविवाह वर्ज्य केला, तरी मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल कित्येक घरांत होतीच. अशा नात्यांत हे लपलेले दोष एकत्र येण्याचा संभव अधिक. विवाह ठरविताना पत्रिकेबरोबर दोघांच्या रक्ताची एक साधी तपासणी केली, तर थॅलेसेमियाचा प्रश्न पुष्कळ आधीच उलगडेल.

वृत्तांत सांगून झाल्यावर मात्र वडिलांनी बाजूस व्हावे. कायदाही या चिकित्सेस संबंधितांची लेखी संमती मागतो, सासू-सासऱ्यांची नव्हे. अहवाल संदिग्ध आला तर काय करावयाचे, एकही भ्रूण निर्दोष न निघाल्यास पुन्हा हा खटाटोप करावयाचा किंवा नाही, हे पतिपत्नींनी परीक्षेपूर्वीच वैद्यासमक्ष बोलून ठेवावे. आणि त्यांतही सुईची वेदना व प्रत्येक महिन्याची निराशा जिच्या वाट्यास येते, तिचा शब्द अखेरचा मानावा.