साका आणि निवळी : डब्यातल्या प्लॅस्टिकचे म्हातारपण

प्लॅस्टिक कुजत नाही, हे आपण इतक्या वेळा ऐकतो की ते जुनेही होत नाही असा समज होऊन बसतो. पण घडीत चिकटून बसलेला पावसाळी कोट, ताठ होऊन तडकलेले खुर्चीचे रेक्झिन, हात लावला की चिकट लागणारी जुनी बाहुली या गोष्टी प्रत्येक घराने पाहिल्या आहेत. कुजणे वेगळे आणि जुने होणे वेगळे. रोजच्या वापरातल्या वस्तू जुन्या कशा होतात याच्या नोंदी मी गेली काही वर्षे ठेवतो आहे. त्या शोधात एक पदार्थ असा भेटला, जो वस्तू होण्याच्या आधीच, डब्यातल्या डब्यात म्हातारा होतो.

ओहायोत राहणारा माझा मावसभाऊ गळाने मासे धरण्याचा छंद बाळगून आहे. तिकडच्या तळ्यांत ‘बास’ नावाचा शिकारी मासा असतो. त्याला भुलवण्यासाठी गांडूळ, बेडूक, झिंगा यांच्या आकाराची लिबलिबीत प्लॅस्टिकची आमिषे वापरतात. ती दुकानात मिळतात, पण पुष्कळ छांदिष्ट घरीच ओततात. दुधासारखे पांढरे द्रव प्लॅस्टिक डब्यातून घ्यायचे, तापवायचे, रंग आणि चमकी घालायची, साच्यात ओतायचे. थंड झाले की आमिष तयार. त्याच्या गराजमध्ये अशा प्लॅस्टिकचा एक गॅलनचा, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरचा डबा पाच वर्षे पडून होता. ‘टाकू की वापरू?’ एवढाच त्याचा प्रश्न होता. उत्तर द्यायचे तर आधी डब्यात काय असते हे समजून घ्यावे लागले.

योगायोग असा की या गोष्टीचे मूळ ओहायोतच आहे. पीव्हीसी हा पदार्थ रसायनशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता, पण तो कडक, ठिसूळ आणि तापवला की बिघडणारा. १९२६ साली ॲक्रन शहरातल्या बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवण्याचा उपाय शोधत होते. उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात पीव्हीसी तापवल्यावर त्यांच्या हाती गोंद आला नाही. आला तो रबरासारखा लवचिक पदार्थ. पुढे त्याच ॲक्रनमध्ये १९४९ साली निक क्रीम नावाच्या यंत्रकारागिराने घरच्या घरी मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ ओतले. त्याआधीची कृत्रिम आमिषे बहुतेक लाकडाची, धातूची, पिसांची किंवा रबराची असत. क्रीम यांचे गांडूळ पाण्यात खऱ्यासारखे वळवळे. त्यांचा धंदा नंतर टेक्सासमधल्या टायलर गावी गेला आणि घरी आमिषे ओतणाऱ्यांची एक परंपराच सुरू झाली.

या द्रवाचे नाव प्लॅस्टिसोल. नावावरून ते वितळलेले प्लॅस्टिक वाटते, पण तसे ते नसते. पीव्हीसीची अतिसूक्ष्म पूड एका तेलकट द्रवात कालवलेली असते. या द्रवाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. मी त्याला मृदुकारक म्हणेन. स्वयंपाकघरातले उदाहरण घ्यायचे तर तांदळाचे पीठ पाण्यात कालवावे तसे. कालवलेले पीठ थंड असेपर्यंत पाणी पाणी असते आणि पिठाचा कण कण. आच दिली की कण पाणी पितात, फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि उकड तयार होते. मग त्यातून पीठ आणि पाणी वेगळे काढता येत नाही. प्लॅस्टिसोलची उकड साधारण १७५ अंश सेल्सिअसला पुरती शिजते. द्रव आधी घट्ट होतो, गोळा बनतो, मग पुन्हा पातळ आणि पारदर्शक होतो. ओतण्याची वेळ तीच. म्हणजे डब्यात असते ते प्लॅस्टिक नव्हे, प्लॅस्टिकचा कच्चा शिधा असतो. शिधा जुना होतोच.

तो तीन तऱ्हांनी बिघडतो आणि तिन्हींना सरसकट ‘खराब झाले’ म्हटले जाते. घोटाळा तिथेच होतो.

पहिली तऱ्हा साका बसण्याची. पीव्हीसीची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट आणि नेहमीचे मृदुकारक पाण्याच्या जवळपास. त्यामुळे पूड हळूहळू तळाशी जाते आणि वर निवळी राहते. कण इतके बारीक की याला महिने लागतात, पण बसलेला थर चिकणमातीसारखा घट्ट होतो. अशा डब्यातून ढवळल्याविना वरवरचे ओतले तर त्यात पूड कमी आणि तेल जास्त. आमिष चिकट आणि लेचेपेचे होते. तळाचे वापरले तर कडक होते, पाण्यात हलत नाही. डबा निम्मा संपल्यावर ‘प्लॅस्टिक बिघडले’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुधा दोष वयाचा नसून न ढवळण्याचा असतो. हे म्हातारपण पूर्णपणे परतवता येते. पसरट पात्याने तळ खरवडून, हवेचे बुडबुडे न शिरतील इतक्या संथपणे ढवळत राहायचे. थंडीत द्रव दाटतो, म्हणून डबा आधी दिवसभर घरातल्या उबेत ठेवावा.

दुसरी तऱ्हा दाट होण्याची. साबुदाणा भिजत ठेवला की दाणे पाणी पिऊन फुलतात आणि वरचे पाणी दिसेनासे होते. डब्यातही मृदुकारक वर्षानुवर्षे कणांत थोडाथोडा मुरतो. कण फुगतात, मोकळे तेल कमी उरते. उन्हाळ्यात तापणाऱ्या गराजमध्ये हे जलद होते, थंड तळघरात सावकाश. फुललेला साबुदाणा मागे जात नाही, तसे हेही ढवळून मागे जात नाही. वरून मृदुकारक घालून पातळ करता येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. तेवढे तेल आमिषात राहते, आमिष अधिक मऊ होते आणि गळावरून लवकर फाटते. डब्यात रबरासारख्या गुठळ्या झाल्या असतील तर त्या भागाची उकड आधीच झाली, असे समजून गाळून टाकावे.

तिसरी तऱ्हा करपण्याची आणि हिला औषध नाही. पीव्हीसीच्या साखळीत क्लोरीन असतो. उष्णता जास्त झाली की क्लोरीन शेजारच्या हायड्रोजनला घेऊन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपाने निसटतो. हा वायू पुढच्या कड्या सुटण्याची गती वाढवतो. साखळीची घडण बदलते, ती प्रकाश वेगळा शोषू लागते आणि माल आधी पिवळा, मग तपकिरी, शेवटी काळा पडतो. हे रोखण्यासाठी उष्णतास्थिरक घातलेला असतो, पण तो प्रत्येक तापवण्यात खर्च होतो. म्हणून उरलेले तुकडे पुन्हा पुन्हा वितळवले की पिवळेपणा चढत जातो. हा वायू नाकाघशाला आणि फुप्फुसांना अपायकारक आहे. म्हणूनच जाणकार हे काम मोकळ्या हवेत, योग्य मुखवटा लावून, अन्नाला न वापरायच्या भांड्यांत आणि ओव्हनमध्ये करतात.

यात एक चोर असतो, तो म्हणजे पाणी. झाकण सैल राहिले तर दमट हवेतली ओल आत शिरते. पाणी १०० अंशांना उकळते आणि द्रव त्याच्या कितीतरी वर तापवायचा असतो. परिणामी फेस येतो, आमिषात पोकळ्या राहतात, आणि थेंबभर पाणी गरम मालात पडले तर माल अंगावर उडतो.

शिजल्यानंतरही मृदुकारक साखळीला कायमचा बांधलेला नसतो, नुसता वस्तीला असतो. मऊ आमिष काही कडक प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवले तर ते डब्याचा तळ विरघळवते, कारण मृदुकारक तिकडे स्थलांतर करतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वायु-अवकाश संग्रहालयात अपोलो अंतराळवीरांच्या पोशाखांतल्या पीव्हीसी नळ्यांतून तो पाझरला आणि कापडावर डाग पडले. संग्रहालयांच्या दृष्टीने पीव्हीसी हे सर्वांत त्रासदायक प्लॅस्टिकांपैकी एक आहे. आपल्या रेक्झिनचे तडकणेही त्यातलेच. तेल निघून गेले, पूड तेवढी उरली.

म्हणून जुन्या डब्याबाबत एक प्रश्न दाटपणापेक्षा मोठा आहे. त्यातले तेल कोणते? दीर्घकाळ डीईएचपी हे थॅलेट वर्गातले मृदुकारक सर्रास वापरले गेले. कॅलिफोर्नियाने ते १९८८ साली कर्करोगकारकांच्या यादीत घातले. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने मुलांच्या खेळण्यांत त्याची मर्यादा ०.१ टक्का ठरवली. आमिष हे खेळणे नव्हे, म्हणून तो नियम त्याला लागू नाही. आज थॅलेटविरहित प्लॅस्टिसोल मिळते, पण जुना डबा म्हणजे जुनी पाककृतीही असू शकते. लेबल वाचता येत नसेल, तर माल कितीही चांगला ढवळला गेला तरी तो वापरू नये.

मावसभावाला मी सांगितले ते असे : लेबल वाच. मग तळापासून ढवळ, गाळ, आणि अर्धी वाटी मालाचे एकच आमिष ओत. ते एक दिवस ठेव. तेल सुटले नाही, रंग पिवळा पडला नाही, ताणल्यावर तुटले नाही, तर डबा चांगला आहे. टाकायचाच असेल तर द्रव नाल्यात ओतू नकोस. तिथल्या कचरा विभागाला विचारून त्यांच्या हवाली कर.

डब्यात पाच वर्षांत थकणारे हे द्रव्य एकदा शिजून गळावरून निसटले, तळ्याच्या तळाशी गेले किंवा माशाच्या पोटात राहिले, की फार काळ टिकते. तिथे ते मऊपणा गमावते, तेल पाण्यात सोडत राहते, पण मातीत मिसळत नाही. कच्चे असताना लवकर जुने होणारे आणि वस्तू झाल्यावर न संपणारे असे हे प्लॅस्टिक आहे. त्यामुळे फाटलेले आमिष खिशात घालून घरी आणणे हाही ओतण्याच्या कौशल्याचाच भाग मानायला हवा.