सर्व्हर घेण्याआधी परतीचा हिशेब

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारचं मोठं डेटा सेंटर आहे. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री त्याच्या पाचव्या मजल्यावर आग लागली. यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या सर्व्हरशेजारी नकोत, म्हणून त्या तळघरात हलवण्याचं काम चालू होतं. त्याच कामात बॅटरीने पेट घेतला. ९६ प्रणाली जळाल्या. बहुतेकांच्या प्रती दुसरीकडे होत्या. ‘जी-ड्राइव्ह’ची मात्र बाहेर कुठेच प्रत नव्हती.

जी-ड्राइव्ह म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांची फाइली ठेवण्याची सामायिक जागा, माणशी ३० जीबी. कामाची कागदपत्रं टेबलावरच्या संगणकात न ठेवता इथे ठेवा, असा आग्रह होता. कर्मचारी-व्यवस्थापन मंत्रालयाने तर तो नियमच केला होता, आणि सर्वांत मोठा फटका त्यालाच बसला. ज्यांनी सांगितलेलं निमूट पाळलं त्यांचंच सगळं गेलं, हे मला फार लागतं. ८५८ टीबी! रीतसर मंजुरीला गेलेले अहवाल दुसऱ्या प्रणालीतही असल्यामुळे वाचले. पण त्यामागची टिपणं आणि कच्चे मसुदे तिथे कशाला असणार?

साठा प्रचंड आणि त्याची साधनं संथ, म्हणून बाहेर प्रत ठेवता आली नाही, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. हिशेब करून पाहू. सेकंदाला १ गिगाबिट वाहून नेणारी लाइन पूर्ण क्षमतेने अखंड चालली, तर ८५८ टीबी न्यायला साधारण ८० दिवस लागतात. १० गिगाबिटची असेल तर ८. पहिली प्रत एकदाच पूर्ण करायची असते, पुढे रोज फक्त बदललेलं पाठवायचं. काम अवघड होतं, अशक्य नव्हतं. माणशी ३० जीबी ठरवताना शेजारीच दुसऱ्या प्रतीचा खर्च मांडायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडची पतसंस्था, शिक्षणसंस्था किंवा दोनशे माणसांची कंपनी जेव्हा स्वतःचा दस्तऐवज-सर्व्हर उभारायला निघते, तेव्हा बैठकीत पहिला प्रश्न येतो रॅम किती आणि डिस्क किती. माझ्या मते तो तिसरा प्रश्न. पहिला असा: सर्व्हर बंद पडला तर किती तासांचं काम गमावलेलं चालेल? दुसरा: किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवं? ही उत्तरं संचालकांनी द्यायची असतात, संगणक विभागाने नव्हे. चार तास म्हटलं तर खर्च वेगळा, दोन दिवस म्हटलं तर वेगळा. १ टीबी डेटा १०० मेगाबिटच्या लाइनवरून परत आणायला बावीस तासांहून अधिक लागतात. त्यामुळे ‘क्लाउडवर प्रत आहे’ एवढ्याने चार तासांचं वचन पाळता येत नाही.

मग यंत्राकडे वळावं. नेक्स्टक्लाउडसारख्या दस्तऐवज-प्रणालीत फाइली एकीकडे असतात, आणि कोणती फाइल कोणाची, कोणाला दाखवायची, ही नोंद डेटाबेसमध्ये दुसरीकडे. जुन्या आवृत्त्या आणि कचरापेटीही जागा खातात, त्यामुळे आजच्या फाइलींच्या बेरजेवर डिस्क घेऊ नये. ब्राउझरमध्ये एकत्र लिहिण्यासाठी कोलॅबोरा हे सॉफ्टवेअर जोडलं, तर प्रत्येक उघड्या दस्तऐवजासाठी सर्व्हरवर वेगळी प्रक्रिया चालते. म्हणून कर्मचारी किती यापेक्षा एका वेळी उघडे दस्तऐवज किती, यावर मेमरी ठरते, आणि तो अंदाज ३१ मार्चच्या आठवड्यावरून बांधावा.

बॅकअप फाइलींचा रात्री दहाला आणि डेटाबेसचा पहाटे चारला घेतला, तर दोन्ही परत आणल्यावर मेळ बसत नाही. दोन्ही एकाच क्षणाचे हवेत. रेड (एकच डेटा अनेक डिस्कांवर मिळून ठेवण्याची सोय) म्हणजे बॅकअप, हा समजही घातक आहे. एक डिस्क बिघडली तर रेड काम चालू ठेवतं. पण चुकून पुसलेली फाइल ते सगळीकडून त्याच क्षणी पुसतं. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम अजून पक्का आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. मी त्यात एक भर घालेन. एक प्रत अशी असावी की मुख्य सर्व्हरच्या पासवर्डने ती पुसता येऊ नये. खंडणीखोर व्हायरस आधी बॅकअपच शोधतो.

आणि प्रत घेतली जाते आहे, हे कोणी पाहायचं? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसचा डेटा पुसला गेला. बॅकअपच्या एकाहून अधिक व्यवस्था होत्या. त्यांतली रोजची नियमित प्रत डेटाबेस-सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे बनतच नव्हती, आणि अपयशाची सूचना देणारे ईमेल कोणापर्यंत पोचत नव्हते. तारलं ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहून काढलं, म्हणून आज आपल्याला शिकता येतं.

तुमच्या संस्थेत असा सर्व्हर असेल, तर या महिन्यात एक दिवस ठरवा. रिकामं यंत्र घ्या, बॅकअपमधून सगळं त्यावर उभं करा, लेखा विभागातल्या कोणाला तरी मागच्या वर्षीची एक फाइल उघडायला सांगा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. नवा सर्व्हर घ्यायचा असेल, तर हा दिवस खरेदीच्या निविदेतच अट म्हणून घाला.