मेलन सँडबॉक्स
मेलन सँडबॉक्स (पूर्वीचे नाव: मेलन प्लेग्राउंड) हा भ्रमणध्वनीवरील द्विमितीय व्हिडिओ गेम आहे. संगणकावरील पीपल प्लेग्राउंड (२०१९) या खेळाशी त्याचे साम्य आहे. मात्र यात मानवाकृतींऐवजी कलिंगडासारख्या फळांच्या बाहुल्या असतात.

खेळाला कथानक किंवा ठरावीक उद्दिष्ट नसते. खेळाडू शस्त्रे, स्फोटके व वाहने वापरून बाहुल्यांवर प्रयोग करतो. बाहुलीचे अवयव म्हणजे सांध्यांनी जोडलेले स्वतंत्र भाग होत. गुरुत्वाकर्षण, संवेग व घर्षण यांवरून प्रत्येक भागाची हालचाल क्षणोक्षणी मोजली जाते. त्यामुळे आघाताचा परिणाम आधी रेखाटलेला नसतो. या तंत्राचा एक आरंभीचा वापर ट्रेसपासर (१९९८) या खेळात आढळतो.

मोडतोड हे खेळाचे मुख्य आकर्षण असले, तरी त्याच साधनांनी यंत्रे व वाहनेही रचता येतात.