मोजलं होतं, पण सांगितलं नव्हतं!

दिवसभरात किती पावलं चाललो, हे मनगटावरचा बँड सांगतो. शहरातली हवा किती खराब आहे, ते मोबाइलवर दिसतं. पण जमिनीखाली राबणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात आज काय गेलं, हे त्याला कोण सांगणार?

प्रश्न रेडॉनचा आहे. खडकातल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून हा वायू बनतो. रंग नाही, वास नाही. मोकळ्या हवेत तो विरून जातो, खाणीत मात्र साचतो. खरा घात करतात ते त्यातून तयार होणारे पोलोनियमसारखे कण. ते धुळीला चिकटून श्वासाबरोबर आत जातात आणि फुप्फुसात अल्फा किरण सोडतात. त्यातून पुढे कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. सिगारेट ओढणाऱ्याला धोका आणखी जास्त.

मोजणं तसं सोपं. छोटा पंप पाच मिनिटं फिल्टरमधून हवा ओढतो. मग ४० ते ९० मिनिटांच्या आत फिल्टरवरून निघणारे अल्फा कण मोजायचे. हे माप म्हणजे ‘वर्किंग लेव्हल’. एक लेव्हलच्या हवेत १७० तास, म्हणजे साधारण महिनाभर काम केलं, की झाला एक ‘वर्किंग लेव्हल मंथ’. अमेरिकेत खाणकामगारासाठी वर्षाला अशा चारची मर्यादा आहे.

पण नुसतं मोजून भागत नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने कोलोरॅडो पठारावरच्या युरेनियम खाणींतली हवा मोजली, कामगार तपासले. त्यात नवाहो आदिवासीही होते. आकडे भयंकर आले. पण कामगार घाबरतील असं काही बोलायचं नाही, या बोलीवर मालकांनी आत येऊ दिलं होतं. त्यामुळे ज्यांची छाती तपासली, त्यांनाच धोका सांगितला नाही. पुढे कित्येक जण फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. १९९० मध्ये कायदा करून देशाने माफी मागितली. पात्र खाणकामगारांना भरपाई ठरली एक लाख डॉलर.

आपल्याकडे झारखंडात जादुगोड्याला युरेनियमची खाण आहे. किरणोत्सर्गाची मर्यादा ठरवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ आपल्या मुंबईत. पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३०, हा त्यांचा नियम.

मायनिंग, जिऑलॉजी शिकणाऱ्या दोस्तांनो, उद्या तो पंप तुमच्या हातात असेल. आकडा वहीत जरूर लिहा. पण पाळी संपवून वर आलेल्या माणसाला तो आधी, त्याच्या भाषेत सांगा. हवा त्याने घेतलीय, आकडाही त्याचाच आहे.