आंबट पित्त, कडू पित्त

मराठीत ‘पित्त’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. छातीत जळजळले, आंबट ढेकर आली, डोके चढले, अंगावर गांधी उठल्या, तरी ‘पित्त झालं’ एवढेच म्हणतो. वैद्यकातही हे मिश्रण जुने आहे. माधवनिदानात ‘अम्लपित्ता’चे स्वतंत्र प्रकरणच आहे. आधुनिक शरीरशास्त्राने मात्र दोघांची घरे वेगळी केली. आम्ल जठरात तयार होते, पित्त यकृतात. पहिले आंबट, दुसरे कडू. एरवी हा भेद विसरला तरी फारसे बिघडत नाही. स्वादुपिंडाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे मात्र बिघडते.

वडीगोद्री हे अंबड तालुक्यातले, धुळे-सोलापूर महामार्गावरचे आमचे गाव. माझ्या चुलत्यांची अशी शस्त्रक्रिया मुंबईत झाली. गावी परतल्यावर ते ‘पित्त वाढलंय’ म्हणत आणि घरातले कुणी थंड दूध, तर कुणी खाण्याचा सोडा पुढे करी. हे पित्त नेमके कोणते, या प्रश्नापासून माझे वाचन सुरू झाले.

या शस्त्रक्रियेला न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांचे नाव आहे. त्यांनी ती १९३५ साली जगापुढे मांडली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. शैलेश श्रीखंडे यांनी स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेत मोठे काम केले आहे. हिच्यात स्वादुपिंडाचे डोके, ग्रहणी म्हणजे लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचे टोक आणि बहुधा जठराचा खालचा भागही काढतात. मग उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर पुढच्या आतड्याला जोडतात.

निरोगी शरीरात जठरातले आम्ल ग्रहणीत उतरले की स्वादुपिंडाचा क्षारयुक्त रस त्याला तिथेच शमवतो. हा रस दिवसाला सुमारे दीड लिटर पाझरतो. शस्त्रक्रियेनंतर ग्रहणी उरत नाही, रसही बहुधा घटतो. आम्ल थेट अशा आतड्यावर पडते, ज्याला त्याची सवय नाही. सांध्यालगत व्रण होण्याचा धोका असतो तो यामुळे. म्हणून डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी देतात. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, कारण जेवणाने जठरातले आम्लाचे पंप जागे होण्यापूर्वी ती रक्तात पोचलेली हवी.

या गोळीचे दुसरे काम रुग्णाला जाणवतही नाही. जेवणाबरोबर घ्यायच्या पाचक कॅप्सूलमध्ये चरबी पचवणारे विकर असते आणि तीव्र आम्लात ते निकामी होते. म्हणून त्यावर आम्लात न विरघळणारे आवरण असते. आतडेच आंबट राहिले, तर ते आवरण उशिरा विरघळते. मग शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त होते आणि वजन उतरते. जळजळ थांबली म्हणून स्वतःहून गोळी सोडणारा माणूस असा जेवूनही उपाशी राहू शकतो.

आता कडू पित्त. जठराचे दार काढले गेले असेल, तर आतड्यातले पित्त उलटे वर चढू शकते. जळजळ तशीच, पण तोंड कडू आणि उलटी हिरवट-पिवळी. आम्लाची गोळी हे पित्त अडवू शकत नाही. थोडे थोडे जेवणे, जेवल्यावर लगेच आडवे न होणे, उशाकडची बाजू उंच ठेवणे यांचा उपयोग होतो. औषध मात्र डॉक्टरांनी ठरवायचे.

ऊस-कापसाच्या आमच्या भागात कंबर-गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणण्याची सवय आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारखी वेदनाशामके आणि बिडी-सिगारेट या रुग्णाच्या सांध्यावर व्रण आणू शकतात. काळे, डांबरासारखे शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर ते ‘पित्त’ समजून घरी बसू नये. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. बाकी वेळी, सोड्याचा डबा उघडण्याआधी, रुग्णाला तोंड आंबट आहे की कडू हे विचारावे आणि त्याचे उत्तर डॉक्टरांना जसेच्या तसे सांगावे.